झगमगत्या दीर्घिकेतला नवा अतिनवतारा रेडिओत कसा शोधायचा

आधी एक हिशेब मांडू, म्हणजे पुढची यातायात कशासाठी ते कळेल.

मार्च १९९३ मध्ये एम ८१ या दीर्घिकेत एक तारा फुटला, म्हणजे अतिनवतारा (सुपरनोव्हा) झाला. फ्रान्सिस्को गार्सिया या स्पॅनिश हौशी निरीक्षकाला तो पहिल्यांदा दिसला आणि त्याचं नाव पडलं एसएन १९९३जे. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे खगोलाच्या मापात शेजारच्या आळीतलं. पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओ वारंवारतेवर तो ऐन भरात शंभर मिलिजान्स्कीच्या (रेडिओ तेजाचं एकक) आसपास पोचला. आता हाच तारा उचलून २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आर्प २२० या दीर्घिकेत ठेवा. अंतर एकवीस पट वाढलं, म्हणून तेज साडेचारशे पटींनी घटलं. उरलं ०.२ मिलिजान्स्की. त्याच वारंवारतेवर आर्प २२० स्वतः देते सुमारे २०० मिलिजान्स्की. म्हणजे नवा तारा यजमान दीर्घिकेच्या हजाराव्या भागाइतका. तुमच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मापाच्या दुरुस्तीत, पाच टक्क्यांची चूक असेल, आणि ती असतेच, तर नुसती ती चूक ताऱ्याच्या पन्नास पट भरते.

आकाश मोजण्यापेक्षा वजाबाकी नीट करणं हे इथलं खरं काम आहे, ते या हिशेबामुळे. खालचं सगळं मी भौतिकशास्त्राचा एमएससीचा विद्यार्थी किंवा लिनक्सला न घाबरणारा हौशी खगोलप्रेमी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक खोडदच्या जीएमआरटीची आहेत, कारण मराठी वाचकाला सगळ्यात जवळची मोठी रेडिओ दुर्बीण तीच. पण जिथे ती उपयोगाची नाही, तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

रेडिओच का?

ज्या दीर्घिकांत तारे भराभर जन्मतात, तिथे जड तारेही भराभर मरतात. पण अशा दीर्घिका धुळीने गच्च भरलेल्या असतात आणि दृश्य प्रकाश त्या धुळीतच अडकतो. एम ८२ मध्ये २००८ च्या सुरुवातीला एक अतिनवतारा फुटला. जगभरातल्या हौशी-व्यावसायिक दुर्बिणी ज्या दीर्घिकेकडे सतत बघत असतात, तिथे तो कुणालाही दिसला नाही. २००९ मध्ये आंद्रेआस ब्रुंथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या २२ गिगाहर्ट्झच्या नोंदींत तो सापडला. तोच एसएन २००८आयझेड. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, तसं धुळीने प्रकाश झाकला तरी रेडिओ लहरी बाहेर पडतातच.

या लहरी येतात कुठून ते समजलं की निरीक्षणाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. मरण्यापूर्वी तारा हजारो वर्षं वाऱ्यासारखा वायू बाहेर टाकत असतो. तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा वारा सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वाहतो. स्फोटानंतर उडालेलं द्रव्य त्याच्या हजार पट वेगाने, सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या घरात, त्या जुन्या वाऱ्यावर आदळतं. आघातात इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. वेगांचं प्रमाण हजारास एक असल्यामुळे स्फोटानंतरच्या एका वर्षाच्या नोंदी म्हणजे ताऱ्याच्या शेवटच्या हजार वर्षांची उलटी वाचलेली रोजनिशी. मला या विषयाची गोडी लागली ती या एका वाक्यामुळे.

पण तोच वारा सुरुवातीला प्रारण गिळतोही, आणि कमी वारंवारतेचं जास्त गिळतो. म्हणून तारा आधी उच्च वारंवारतेला दिसतो आणि मग हळूहळू खाली उतरतो. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इटागाकी यांनी एम १०१ मध्ये एसएन २०२३आयएक्सएफ शोधला. इतक्या जवळचा तारा, तरी पहिले काही आठवडे रेडिओत शांतता होती. जीएमआरटीसारख्या कमी वारंवारतेच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्याने ही शांतता मनावर घ्यायची नसते.

पायरी १ : तारा आणि दीर्घिका निवडा

नव्या अतिनवताऱ्यांची अधिकृत यादी ट्रान्झियंट नेम सर्व्हर या संकेतस्थळावर रोज वाढत असते. तिच्यातून आधी प्रकार बघा. प्रकार २, १बी आणि १सी हे जड ताऱ्यांचे गाभे कोसळून होतात आणि तेच रेडिओत दिसण्याची शक्यता असते. प्रकार १ए म्हणजे श्वेतबटूचा स्फोट. त्याच्याभोवती सहसा आदळायला काही नसतं. २१ जानेवारी २०१४ ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण हाताळायला शिकवत होते, तेव्हा त्यांना एम ८२ मध्ये एसएन २०१४जे दिसला. दशकांमधला सर्वांत जवळचा १ए. रेडिओ दुर्बिणी त्याच्यावर तुटून पडल्या आणि कुणालाही काही मिळालं नाही. १ए प्रकारातला पहिला रेडिओ शोध जाहीर व्हायला २०२३ उजाडलं, आणि तो एसएन २०२०ईवायजे हेलियमने भरलेल्या परिसरात फुटलेला, म्हणजे अपवादच. पहिल्याच खेपेला १ए निवडू नका.

मग अंतर बघा. माझी ढोबळ वाटणी अशी: पाच कोटी प्रकाशवर्षांच्या आत तारा असेल तर जीएमआरटीवर बिनधास्त जा. पाच ते वीस कोटींच्या पट्ट्यात फक्त तेजस्वी १बी-१सी किंवा दाट वाऱ्यातले प्रकार २ घ्या. १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ३२७८ मधला एसएन २००९बीबी हे याचं उत्तम उदाहरण. गॅमा किरणांचा स्फोट न दिसताही त्याचं द्रव्य प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत होतं, हे व्हीएलए आणि जीएमआरटी या दोघींच्या नोंदींवरून ठरलं, आणि तो निष्कर्ष २०१० मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याहून दूरच्या, आर्प २२० सारख्या दीर्घिकांची वाट वेगळी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

एक गोष्ट विसरायची नाही: दीर्घिकेत तारा नेमका कुठे आहे? बाहेरच्या भुजेत असेल तर अर्धी लढाई जिंकलात. केंद्राजवळ असेल तर पायरी ५ दोनदा वाचा.

पायरी २ : जुना नकाशा मिळवा

जत्रेच्या रात्री अख्खं मैदान दिव्यांनी उजळलेलं असतं. त्यात एक बल्ब नवा लागला हे कुणाला कळेल? ज्याने आदल्या रात्री मैदान बघितलं होतं त्याला. म्हणून नव्या निरीक्षणाची वेळ मागण्याआधी जुनी चित्रं गोळा करा.

मोठ्या सर्वेक्षणांचे नकाशे मोफत मिळतात. १.४ गिगाहर्ट्झला एनव्हीएसएस आणि फर्स्ट, ३ गिगाहर्ट्झला २०१७ पासून चाललेलं व्हीएलएएसएस, १४४ मेगाहर्ट्झला युरोपातल्या लोफारचं सर्वेक्षण आणि १५० मेगाहर्ट्झला आपल्याच जीएमआरटीचं टीजीएसएस. नुसती जुनी-नवी सर्वेक्षणं शेजारी ठेवूनही शोध लागतात. फर्स्टमध्ये रिकामी असलेली एक जागा २०१७ च्या व्हीएलएएसएसमध्ये लखलखताना दिसली. डिलन डाँग आणि सहकाऱ्यांनी माग काढला तेव्हा सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका छोट्या, तारे घडवणाऱ्या दीर्घिकेत अतिनवतारा निघाला. एखादा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर जड सोबत्याच्या पोटात शिरल्याने तो फुटला असावा, असा त्यांचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

सर्वेक्षणांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे त्याच दुर्बिणीची त्याच दिशेची कच्ची जुनी नोंद. जीएमआरटीच्या संग्रहाला 'जीएमआरटी ऑनलाइन आर्काइव्ह' म्हणतात आणि त्याची आद्याक्षरं जोडली की होतं 'गोआ'. समुद्र नाही, नुसत्या फाइली. पण नोंदींवरचा निरीक्षकाचा राखीव हक्क ठरावीक मुदतीनंतर संपतो आणि मग त्या फाइली कुणालाही मागवता येतात. दीर्घिकेचे आकाशातले निर्देशांक टाकून शोधा. नामांकित दीर्घिका असेल तर कुणीतरी कधीतरी तिच्याकडे दुर्बीण वळवलेली असतेच.

जुनं काहीच नसेल तर? मग वरातीमागून घोडं न्यायचं. तारा विझल्यावर, दोन-चार वर्षांनी, तीच दिशा पुन्हा बघायची आणि तो नकाशा वजाबाकीला वापरायचा. इथे हे घोडं चक्क चालतं, फक्त तोवर धीर हवा. शिवाय प्रकार २ चे काही तारे विझायचं नावच घेत नाहीत. एसएन १९७९सी कित्येक दशकं रेडिओत तेवत राहिला.

पायरी ३ : वेळ मागा आणि बेत आखा

नारायणगाव म्हटलं की बहुतेकांना तमाशाच्या राहुट्या नाहीतर टोमॅटोचा बाजार आठवतो. तिथून थोडं आत खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. १४ मधल्या एक किलोमीटरच्या चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांची जाळी ताणून हलक्या आणि स्वस्त तबकड्या कशा उभ्या केल्या, ही वेगळ्या लेखाची गोष्ट.

वर्षात दोन हंगाम असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्यांच्यासाठी आधी काही महिने प्रस्ताव द्यावा लागतो. अतिनवतारा मात्र मुदत बघून फुटत नाही. त्यासाठी संचालकांच्या राखीव वेळेतून तातडीची मागणी करता येते. प्रस्तावात लांबण लावू नका. ताऱ्याचं नाव, प्रकार, अंतर, अपेक्षित तेज, किती तास, आणि उशीर झाला तर नेमकं काय हातचं जाईल, एवढं पुरे.

आता बँड निवडा. बँड ३ म्हणजे २५० ते ५०० मेगाहर्ट्झ, बँड ४ म्हणजे ५५० ते ८५०, बँड ५ म्हणजे १००० ते १४५०. बारकाई, म्हणजे किती लहान तपशील सुटा दिसतो ते, अनुक्रमे ढोबळ आठ, चार-पाच आणि दोन विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). पहिल्या महिन्यात बँड ५ घ्या, तोही शांत निघण्याची मानसिक तयारी ठेवून. बँड ४ आणि ३ पुढच्या महिन्यांसाठी राखा. तारखा समान अंतराने नकोत, दुप्पट-दुप्पट अंतराने हव्यात: २० वा दिवस, ४० वा, ८० वा, १६० वा. स्फोटाचं तेज वेळेच्या घाताने बदलतं, आठवड्याच्या कॅलेंडरने नाही.

आणि एक गोष्ट, जी प्रस्तावात लिहायला जवळजवळ सगळे विसरतात: जुनं निरीक्षण ज्या नाक्षत्रवेळेत (ताऱ्यांच्या फिरण्यावर चालणाऱ्या घड्याळात) झालं होतं तीच नाक्षत्रवेळ मागा. तबकड्यांची जाळी आकाशाकडे कोणत्या कोनातून बघते ते या वेळेवर ठरतं. कोन बदलला की दीर्घिकेचा पसरट उजेड वेगळा टिपला जातो आणि वजाबाकीत खोटे डाग उगवतात. एम ८२ उत्तरेला खूप वर असल्याने खोडदहून ती क्षितिजापासून चाळीस अंशही चढत नाही. तिच्या बाबतीत हा घोळ विशेष होतो. आर्प २२० मात्र जवळजवळ डोक्यावरून जाते.

निरीक्षणाचा साचा साधा: सुरुवातीला आणि शेवटी १०-१५ मिनिटं ३सी २८६, ३सी १४७ किंवा ३सी ४८ या नेमकं तेज ठाऊक असलेल्या स्रोतांपैकी जे वर असेल ते, तेजाच्या मापासाठी. मध्ये दर अर्ध्या तासाला चार-पाच मिनिटं जवळचा फेज कॅलिब्रेटर, म्हणजे वेळेनुसार बदलणारी चूक पकडायला वापरायचा बिंदुस्रोत. बाकी वेळ तुमची दीर्घिका. जुन्या निरीक्षणात ज्या कॅलिब्रेटरने माप घेतलं होतं, शक्यतो तोच घ्या. एकाच तराजूत दोन्ही पारडी.

पायरी ४ : कच्च्या नोंदींचा नकाशा

फाइल एलटीए प्रकारात येते. लिस्टस्कॅन आणि मग जीव्हीफिट्स ही दोन छोटी साधनं चालवून तिचं फिट्स करा, ते कासा या संगणकप्रणालीत आणा. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या, हजारो वारंवारता-कप्पे, त्यामुळे डिस्कवर भरपूर जागा ठेवा.

मग साफसफाई. मोबाइल मनोरे, विजेच्या तारा, विमानं, उपग्रह, सगळे नोंदींत आपली बोटं उमटवून जातात. आधी बंद पडलेल्या तबकड्या आणि पट्ट्याची दोन्ही टोकं काढून टाका. मग टीएफक्रॉप आणि आरफ्लॅग या स्वयंचलित पद्धती वापरा. पुढची सगळी नावं कासातल्या आज्ञांची: तेजाचं माप सेटजायने, वारंवारतेनुसारची दुरुस्ती बँडपासने, वेळेनुसारची गेनकॅलने. ती लागू केल्यावर पुन्हा एकदा सफाई. टीक्लीनने नकाशा काढा आणि तीन-चार फेऱ्या फक्त फेजचं सेल्फ-कॅलिब्रेशन (तुमच्याच नकाशावरून नोंदींची दुरुस्ती) करा. मोठेपणाचं सेल्फ-कॅलिब्रेशन करायचंच असेल तर एकदाच आणि दोन्ही तारखांना सारख्याच रीतीने करा. तिथे हात सैल सोडला तर अंधूक तारा गिळला जाऊ शकतो. जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेतल्या संशोधकांनी लिहिलेली 'कॅप्चर' ही पाइपलाइन यातलं बरंचसं काम आपोआप करते. नवख्याने तीच वापरावी, पण पहिल्या वेळी एक-एक टप्पा हाताने करून बघावा. नाहीतर काही बिघडलं की कुठे बघायचं तेच कळत नाही.

बँड ५ वर एक-दोन तासांत गोंगाट काही दहा मायक्रोजान्स्कीपर्यंत खाली येतो. पाऊस इथे शत्रू नाही. संध्याकाळचं अस्वस्थ आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) आहे, आणि बँड ३ वर तर फारच.

पायरी ५ : दीर्घिका वजा करा

इथे घाई करणाऱ्याची अवस्था उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग अशी होते. माझीही झाली आहे. माझ्या पहिल्या वजाबाकीत केंद्राशेजारी ०.९ मिलिजान्स्कीचा देखणा ठिपका निघाला. रात्री दोन वाजता मार्गदर्शकांना मेल केला. सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर: "बीम जुळवली होतीस का?" जुळवली नव्हती. बीम म्हणजे नकाशात एक बिंदू जेवढा पसरून दिसतो तो ठसा: एका नकाशात २.२ विकलांचा, दुसऱ्यात ३ चा.

तर क्रम असा ठेवा. दोन्ही तारखांच्या नोंदींतून समान बेसलाइन-पट्टाच घ्या (बेसलाइन म्हणजे दोन तबकड्यांमधलं अंतर). एका तारखेला जवळच्या तबकड्या बंद असतील तर दुसऱ्या तारखेच्याही काढून टाका. फार लहान बेसलाइन मुद्दाम वगळणंही चांगलं. दहा हजार तरंगलांबींपेक्षा लहान बेसलाइन काढल्या की वीसेक विकलांहून पसरट उजेड बराचसा आपोआप गळून जातो, आणि बिंदूसारखा तारा मात्र शाबूत राहतो. मग दोन्ही नकाशे एकाच बीमवर आणा, जी जास्त ढोबळ असेल तिच्यावर. इमस्मूद हे करतं. इमरीग्रिडने पिक्सेल एकावर एक बसवा.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. दीर्घिकेला विसरून त्याच नकाशात इतरत्र दिसणारे दहा-पंधरा ठळक बिंदुस्रोत निवडा. ते बहुतेक दूरच्या दीर्घिका असतात आणि बदलत नाहीत. प्रत्येकाचं नवं तेज भागिले जुनं तेज काढा. या गुणोत्तरांचा मध्यांक १.०४ आला तर तुमचा नवा नकाशा चार टक्के उजळ मोजतोय, त्याने भागा. एखादा स्रोत फार वेगळा वागत असेल तर तो स्वतःच बदलणारा असेल, तो गाळा. त्याच स्रोतांवरून जागेचाही फरक काढा आणि नकाशा तेवढा सरकवा. पाच टक्क्यांची चूक अशी एक-दीड टक्क्यावर आणता येते. एवढं केल्यावरच इममॅथने वजाबाकी करा.

उरलेल्या चित्राकडे डोळे उघडे ठेवून बघा. शेजारी-शेजारी एक काळा आणि एक पांढरा डाग दिसला तर नकाशा सरकलेला आहे. केंद्राभोवती कडं दिसलं तर बीम जुळलेली नाही. संपूर्ण दीर्घिकेची फिकट सावली उरली तर तेजाचं प्रमाण चुकलं आहे. बीमच्याच आकाराचा एकटा ठिपका, दृश्य दुर्बिणीने दिलेल्या जागेपासून बीमच्या छोट्या अंशात, असा दिसला तर पुढे जायला हरकत नाही.

पण आधी खोटा तारा पेरून बघा. मूळ नोंदींत माहीत तेजाचा एक कृत्रिम बिंदू घाला, दीर्घिकेचा उजेड ठिपक्याच्या जागेइतकाच असलेल्या दुसऱ्या एखाद्या जागी, आणि मग सगळी प्रक्रिया पुन्हा चालवा. ०.५ मिलिजान्स्की पेरले आणि ०.३ उगवले, तर तुमची पद्धत तारे खाते. हे आठ-दहा जागी करा. कंटाळवाणं आहे, पण लेख तपासणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

पायरी ६ : आकडा लिहा

इमफिटने ठिपक्यावर बीमच्या आकाराचा गॉसियन (घंटेसारखा उंचवटा) बसवा, रुंदी मोकळी सोडू नका. गोंगाट मोजायचा तो दीर्घिकेच्या आसपासचा, नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यातला नव्हे. कोपरा नेहमीच जास्त शांत असतो आणि तुम्हाला खोटं धैर्य देतो. एकूण त्रुटीत गोंगाट, कॅलिब्रेशनचे पाच-दहा टक्के आणि खोट्या ताऱ्यांच्या प्रयोगात दिसलेली तफावत, तिन्हींचे वर्ग जोडून वर्गमूळ काढा. काहीच दिसलं नाही तर गोंगाटाच्या तिप्पट आकडा वरची मर्यादा म्हणून लिहा. एसएन २०१४जे च्या बाबतीत याच 'काही नाही'ने तो कसा फुटला याच्या अनेक शक्यता बाद केल्या.

दोन वेगळ्या वारंवारतांचे आकडे घातांक (वारंवारतेनुसार तेज कसं चढतं-उतरतं ते सांगणारा आकडा) लावून एकमेकांत बदलण्याचा मोह टाळा. विझत चाललेल्या ताऱ्याचा घातांक उणे ०.६ ते उणे १ च्या दरम्यान असतो, पण भरात येणाऱ्याचा उलट्या दिशेचा.

पायरी ७ : आकड्यांतून तारा

तीन-चार तारखा आणि दोन-तीन वारंवारता जमल्या की शिखर दिसतं. ते स्वतःच्याच इलेक्ट्रॉनांनी शोषण केल्यामुळे आलं असेल, तर रॉजर शेव्हालिए यांच्या १९९८ च्या सूत्राने त्रिज्या निघते. सूत्र शब्दांत: शिखराचं तेज जान्स्कीत मोजून त्याचा ९/१९ वा घात, अंतर मेगापार्सेकमध्ये घेऊन त्याचा १८/१९ वा घात, दोघांचा गुणाकार, गुणिले ८.८ गुणिले दहाचा पंधरावा घात, भागिले शिखराची वारंवारता पाच गिगाहर्ट्झच्या पटीत. उत्तर सेंटिमीटरमध्ये.

एक कल्पित तारा घेऊ. ४० मेगापार्सेकवर, म्हणजे १३ कोटी प्रकाशवर्षांवर, १०० व्या दिवशी पाच गिगाहर्ट्झला १० मिलिजान्स्कीचं शिखर. पहिला घात ०.११३, दुसरा जवळजवळ ३३. त्रिज्या येते ३.३ गुणिले दहाचा सोळावा घात सेंटिमीटर. शंभर दिवसांच्या सेकंदांनी भागा: सेकंदाला सुमारे ३८ हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाचा आठवा हिस्सा. प्रकार १बी-१सी साठी हे पटण्यासारखं आहे. हाच आकडा प्रकाशाच्या वेगापर्यंत गेला तर आनंदाने नाचण्याआधी दीर्घिकेचं अंतर आणि स्फोटाची तारीख तपासा.

बाहेरच्या वाऱ्यानेही शोषण होत असेल तर ही त्रिज्या किमान समजायची, खरा गोळा त्याहून मोठा. शिखराआधीचा चढ वारंवारतेच्या अडीचाव्या घाताने असेल तर शोषण आतलं, त्याहून तीव्र असेल तर बाहेरच्या वाऱ्याचं. हे ठरवायला एकाच सुमारास घेतलेल्या कमी आणि उच्च वारंवारतेच्या नोंदी लागतात. एसएन १९९३जे वर पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी २००४ मध्ये नेमकं हेच केलं. जीएमआरटीच्या कमी वारंवारतेला व्हीएलएची उच्च वारंवारता जोडून वर्णपटातला मोड पकडला आणि त्यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र काढलं.

दूरच्या दीर्घिकांसाठी वेगळी वाट

आता आर्प २२०. तिथे एक विकला म्हणजे बाराशे प्रकाशवर्षं. जीएमआरटीच्या सर्वांत बारीक बीममध्ये तिची दोन्ही केंद्रं एकत्र मावतात. शिवाय तिथला दाट आयनित वायू कमी वारंवारता गिळतो. इथे जीएमआरटीचा हट्ट धरू नये.

यासाठी खंडांवर पसरलेल्या दुर्बिणी एकत्र जोडाव्या लागतात, यालाच व्हीएलबीआय म्हणतात: युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्क, अमेरिकेचं व्हीएलबीए. दहा हजार किलोमीटरच्या बेसलाइनवर १८ सेंटिमीटर तरंगलांबीला बारकाई येते विकलेच्या हजारांश भागाच्या चारपटीपर्यंत, म्हणजे आर्प २२० मध्ये जेमतेम पाच प्रकाशवर्षं. गंमत अशी की दीर्घिकेचा पसरट उजेड इतक्या लांब बेसलाइनना दिसतच नाही. पायरी ५ ची मेहनत ही गाळणी आपणहून करून देते आणि नकाशावर फक्त बिंदू उरतात. १९९८ मध्ये असे डझनभर बिंदू जाहीर झाले. २००६ मध्ये ४९ झाले, आणि वर्षाला सुमारे चार नवे, असा अंदाज निघाला. आपल्या आकाशगंगेत शतकाला दोन-तीन होतात. पुढच्या मोजणीत बिंदूंची संख्या शंभराच्या जवळ गेली.

हे प्रस्ताव जगातल्या कुणालाही देता येतात. पण नवख्याने नेदरलँड्समधल्या द्विंगलोच्या संग्रहातल्या जुन्या नोंदींवर हात बसवावा. काळजीची जागा एकच: नोंदी एकत्र करताना दीर्घिकेतला नेमका कोणता बिंदू मध्यभागी धरला होता ते बघा. त्यापासून दूरचे तारे सरासरीत पुसले जातात.

जाहीर करण्याआधी

आर्प २९९ ही सुमारे १५ कोटी प्रकाशवर्षांवरची, आदळत असलेल्या दोन दीर्घिकांची जोडी. तिच्या पश्चिमेकडच्या केंद्रात २००५ मध्ये अवरक्त प्रकाशात एक झळाळी दिसली आणि पाठोपाठ रेडिओतही. तारे घडवणारी दीर्घिका, धूळ, अतिनवताऱ्यांचा कारखानाच, मग हाही अतिनवतारा असणार असं वाटणं स्वाभाविक होतं. पण सेप्पो मात्तिला, मिगेल पेरेझ-तोरेस आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षं व्हीएलबीआयने पाठपुरावा केला. ठिपका गोल वाढला नाही, एका दिशेला लांबत गेला. तो झोत होता. महाकाय कृष्णविवराने एक तारा फाडून खाल्ला होता. हे २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं.

म्हणून ठिपका दीर्घिकेच्या केंद्राच्या बीमभर अंतरात असेल तर 'अतिनवतारा' हा शब्द वापरू नका, 'बदलता रेडिओ स्रोत' म्हणा. त्याचा वर्णपट खाली सरकतोय का, तेज दोन-तीन तारखांना एकाच दिशेने बदलतंय का, ते पाहा आणि मग ॲस्ट्रोनॉमर्स टेलिग्रामवर टिपण पाठवा. त्यात वारंवारता, तारीख, आकडा, त्रुटी आणि दीर्घिका कशी वजा केली हे एका वाक्यात. वरच्या मर्यादाही पाठवा. दुसरा कुणी तीच दिशा बघत असतो आणि तुमच्या शून्यावरून तो आपली तारीख ठरवतो.

सरावासाठी गोआमधून एम ८१ च्या दिशेची एखादी जुनी एसएन १९९३जे ची नोंद मागवा. सोबत एक फुकटचा त्रास मिळेल: झगझगीत एम ८२ तिथून जेमतेम ३७ कला (अर्ध्या अंशाहून थोडं जास्त) दूर आहे आणि तिच्या रेघा तुमच्या नकाशावर पसरतील. त्या घालवायला एम ८२ चा स्वतंत्र छोटा नकाशा टीक्लीनमध्ये आउटलायर म्हणून द्यावा लागतो. बहुतेकांचा पहिला शनिवार-रविवार यातच जातो.